उपाशीपोटी दिलेलं रक्त

जव्हारच्या दवाखान्यात आम्ही दोघं साखरेचे पेशंट एका बाकावर बसलो होतो. अंगात इन्शुलिन किती तयार होतं ते बघायला आमचं रक्त नाशिकला जाणार होतं, म्हणून उपाशीपोटी बोलावलेलं. चहा मिळाला नाही म्हणून मी जगावर चिडलो होतो. तो सूर्यमाळहून आलेला. हाडांवर सदरा वाळत घातल्यासारखा दिसत होता. म्हणाला, "उपाशी राहाची परीक्षा हाय ना, मंग मी पास."

आठवड्यानं रिपोर्ट आले. डॉक्टरांनी दोघांना एकदमच समजावलं. माझ्या अंगात इन्शुलिन भरपूर होतं, पण ते कामाला लागत नव्हतं. त्याच्या अंगात जवळजवळ नव्हतंच. त्याला रोज सुई घ्यावी लागणार होती.

त्यानं स्वतःच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडं पाहिलं आणि कलिंगड पारखावं तशी माझ्या ढेरीवर टिचकी मारली.

"रेशनच्या गोदामासारखाच हाय," तो म्हणाला. "तठं पोती पडून, आन् आमचे पाड्यावर दाणा नाय."

डॉक्टर हसले. मीही हसलो. मी काय काम करतो, हे त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर खोटं बोललो असतो. गोदामाची किल्ली माझ्याच खिशात होती.