पलीकडचा काठ

पनवेलच्या मासळी बाजारात बर्फ पोचवणारे काका आमच्या गायनाच्या गटात खर्जात गायचे. उरणकडच्या गावात भजनं म्हणून त्यांचा आवाज तयार झाला होता. तालमीला चपला दाराबाहेर काढून यायचे आणि खुर्चीच्या अगदी कडेवर टेकायचे.

आम्ही एक नवी इंग्रजी रचना बसवत होतो. जुन्या अमेरिकन भजनांच्या चालींवर बेतलेली, एकच ओळ पुन्हा पुन्हा, दर वेळी किंचित बदलत जाणारी. त्या भजनांच्या रीतीप्रमाणे आधी नुसते स्वर म्हणायचे, फा, सो, ला, मी, आणि मग शब्द. काका दोन्ही मोकळ्या गळ्याने म्हणायचे.

एका तालमीत त्यांनी विचारलं, "बाई, या ओळीचा अर्थ काय हाय?"

गाणं बसवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आपण पलीकडच्या काठावर पुन्हा भेटू."

काकांनी हातातल्या कागदाची घडी घातली.

"माजा पोरगा होडीवर गेला तो सापडलाच नाय," ते म्हणाले. "कुठल्याच काठाला लागला नाय. मी सूर धरतो. शब्द तुमी म्हना."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा पहिला स्वर दिला.

कार्यक्रमात आम्ही सगळे ती ओळ गात होतो आणि माझ्या शेजारी काका, सगळ्यांच्या खालून, फा, सो, ला म्हणत होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

नंतर प्रेक्षकांतल्या एक बाई त्यांच्यापाशी आल्या. "किती शांत वाटलं हो! माणसं भेटतातच परत, नाही का?"

"भेटत असतील," काका म्हणाले आणि खुर्च्या उचलायला लागले.