पारा लागलेली अंगठी

उल्हासनगरात सोनारगल्लीच्या मागच्या नाल्यावर माणसं सोन्यासाठी येऊन राहिली होती, असं सांगितलं की आजची पोरं हसतात. हसू देत. आमची चाळ त्या वस्तीला लागूनच होती. ती कशी वसली ते मी पाहिलंय, आणि तिथलं एक घर उठलं ते माझ्यामुळे.

गल्लीत सिंधी सोनारांच्या पेढ्या, आणि वरच्या माळ्यांवर कारागीर. दागिना घासताना सोन्याचा बारीक कीस उडायचा. तो जमिनीवर पडायचा, पायांना चिकटायचा, हात धुतलेल्या पाण्याबरोबर गटारात जायचा. दुकानांतली ही धूळ झाडून नेऊन, ती धुऊन त्यातलं सोनं काढणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. पूर्वी त्यांची चार-पाच घरंच होती. ऐंशीनंतर कधीतरी गटार खणायला काढलं आणि एकाच्या घमेल्यात ज्वारीच्या दाण्याएवढा सोन्याचा कण निघाला. संध्याकाळपर्यंत त्याचा चिंचोका झाला आणि अंबरनाथला बातमी पोचली तेव्हा लाडू. मग बदलापूरहून, पार वांगणीहून माणसं घमेली घेऊन आली. दिवाळीपर्यंत नाल्याच्या दोन्ही काठांना झोपड्या उभ्या होत्या. चाळीतले लोक नाकाला रुमाल लावून नावं ठेवायचे आणि रविवारी हळूच खाली उतरून एखादं घमेलं धुऊन बघायचे. माझा भाऊसुद्धा.

सोन्याच्या मागून दादा लोक आलेच. एकाने चुन्याच्या रेघा मारून नाला वाटून दिला. मग स्टेशनबाहेर बायकांच्या गळ्यातल्या साखळ्या ओढणारी टोळी वस्तीत येऊ लागली, कारण भट्टी इथे होती आणि वितळलेल्या सोन्याला कुणाचा गळा ओळखता येत नाही. कुणी भीतीने वितळवून दिलं, कुणी आनंदाने. पोलीस यायचे, झोपड्या उचकटायचे, जायचे.

सगळी वस्ती जिला नुसतं मावशी म्हणायची, तिने मात्र तसलं सोनं कधी हातात घेतलं नाही. ती जुन्या झारेकऱ्यांपैकी, देशावरची, एकटी. दादाच्या माणसाला तिने दारातूनच परत पाठवलं होतं. मला सांगताना म्हणाली, "तयार दागिना माझ्या घरात नाय यायचा. माझं सोनं धुळीतलं." सोनार तिला आपल्यामागे दुकान झाडायला सोडून जेवायला जात. तेवढ्या विश्वासावर तिचं पोट होतं. एका दुकानाने झाडू काढून घेतला असता तर बाकीच्यांनीही घेतला असता, हे ती स्वतःच सांगायची.

मी तेव्हा बारावी नापास होऊन घरी बसले होते आणि दुपारभर तिच्याकडे असायचे. तिच्या चौकटीला एक खिळा होता. आत येणाऱ्या बाईने अंगावरचं सोनं काढून त्या खिळ्याला अडकवायचं, मग पाऊल आत. तिच्या स्वतःच्या गळ्यात काळा दोरा असायचा. धुतलेल्या गाळात ती शेवटी पारा ओतायची. गाळातले कण पारा गोळा करतो, मग तो फडक्यातून गाळायचा आणि उरलेली गोळी विस्तवावर धरायची. पारा उडून जातो आणि सोनं मागे राहतं. पण हाच पारा अंगावरच्या दागिन्याला लागला तर दागिना पांढराफटक पडतो. म्हणून तो खिळा.

वहिनी नवीन लग्न होऊन आली होती. तिच्या माहेरची, पानाच्या नक्षीची अंगठी मला फार आवडायची. एक दिवस ती आंघोळीला गेली असताना मी ती बोटात घातली आणि मिरवायला मावशीकडे गेले. खिळ्याला अडकवली असती तर कुणीतरी ओळखली असती, म्हणून मूठ मिटून आत शिरले. मावशी पाणी आणायला नळावर गेली. वाटीतला पारा चमकत होता. मी बोट घातलं. अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

अंगठी बघता बघता चांदीची दिसायला लागली. ओढणीने घासली, काही होईना. मावशी यायच्या आत मी घरी पळाले आणि डबीत ठेवून दिली.

दोन दिवसांनी वहिनीने डबी उघडली आणि रडायलाच लागली, कुणीतरी सोन्याची अंगठी घेऊन चांदीची ठेवली म्हणून. भावाने विचारलं, अंगठी कुणी नेली होती? मी म्हणाले, "मावशीने बघायला मागितली होती. मी दिली." एवढंच. खोटं इतकं छोटं असतं आणि इतकं पुरतं.

भाऊ चाळीतली चार माणसं घेऊन खाली उतरला, मलाही नेलं. मावशीने अंगठी लांबूनच पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. तिला सगळं समजलं होतं. "पारा लागलाय," ती म्हणाली. "विस्तवावर धरते, पिवळी होईल." भाऊ म्हणाला, सोन्याची गिळलीस, आता ही चांदीचीही गिळणार काय? हुबेहूब तीच पानं रातोरात चांदीत कुणी कोरली, हे एकानेही विचारलं नाही. त्या वस्तीत काहीही होतं, असं सगळ्यांचं ठरलेलं होतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते मी समोर पाहिलं.

मावशी मला म्हणाली, "तू सांग ना गं."

मी खाली बघत राहिले.

आठवडाभरात गल्लीतल्या एकेका सोनाराने तिचा झाडू बंद केला. दादा तिच्यासाठी शब्द टाकेल हे शक्यच नव्हतं. ती वांगणीकडे गेली असं ऐकलं. पुढे नाला बांधून काढला, वस्ती उठली आणि तिथे बिल्डिंगा आल्या. अंगठी कुणालाच दाखवायची नाही, माहेरी कळलं तर हसं होईल, म्हणून वहिनीने ती रुमालात बांधून ठेवली.

दहा-बारा वर्षांनी भावाने खरवईला फ्लॅट घेतला. आवराआवरीत रुमाल निघाला. चांदी तर चांदी, मोडून टाकू म्हणून वहिनी मला घेऊन बदलापूरच्या एका सोनाराकडे गेली. त्याने चिमट्यात धरून अंगठी ज्योतीवर फिरवली, मग थोडी घासली. पानं पिवळी झाली. "पारा लागला होता, ताई," तो म्हणाला. "सोनं आहे की हे."

वहिनी बाहेर येऊन दुकानाच्या पायरीवर बसली. ती बाई हेच म्हणत होती ना, तिने विचारलं. मग मी सगळं सांगितलं. खिळ्याचं, मुठीचं, वाटीचं. तिने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "वांगणीला जाऊन सांग."

पुढच्या रविवारी गेले. स्टेशनजवळच्या किराणा दुकानात विचारलं, विहिरीवरच्या बायकांना विचारलं. उल्हासनगरहून आलेली, एकटी, गळ्यात काळा दोरा, सोन्याची धूळ धुवायची, असं सगळं सांगितलं. बायका चांगल्या होत्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या. त्यातली एक म्हणाली, "नाव काय तिचं? नाव सांग, म्हंजी शोधून देतो."

दोन वर्षं मी रोज तिच्या घरी बसत होते. तिचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं.