कॅमेऱ्याबाहेरची खुर्ची

आमच्या घरात संशय पगाराबरोबर आला. बाबा हर्सूलच्या जेलमध्ये शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. मधल्या सगळ्या वर्षांत माणसाच्या तोंडाआधी त्याच्या हातांकडे बघायची त्यांना सवय लागली. निवृत्तीनंतर ती सुटेल असं आईला वाटलं होतं. सुटली नाही. कैदी उरले नाहीत म्हणून ती आधी दूधवाल्याकडे, मग गॅसवाल्याकडे आणि शेवटी माझ्याकडे वळली. मीही त्यांचीच मुलगी. कुणी जरा जास्त गोड बोललं की माझ्याही मनात पाल चुकचुकते.

त्यामुळे तुर्कस्तानातल्या एका विद्यापीठानं मला शिष्यवृत्ती दिली तेव्हा आमच्याकडे पेढे आले नाहीत, प्रश्न आले. मी इतिहासात एम.ए. केलेलं. आपल्या शहराखालून गेलेल्या जुन्या नहरींवर मला पुढं काम करायचं होतं आणि तशाच पाणवाटांचा अभ्यास करणारी माणसं तिथं होती. अट एकच. पहिलं वर्ष तुर्की भाषा शिकायची, तीही घरी बसून, लॅपटॉपवर. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा. त्यात पास झालं तर बोलावणार, नाही तर शिष्यवृत्ती गेली आणि नहरीही गेल्या.

बाबांनी विचारलं, फी किती. म्हटलं, काही नाही. इथंच घोडं पेंड खायला लागलं. फी मागितली असती तर ते चिडले असते, पण निर्धास्त झाले असते.

"फुकट कोण शिकवतं, माय?" ते म्हणाले. "मला बघू दे आधी."

जेलमध्ये 'मुलाखत' म्हणून एक प्रकार असतो. जाळीच्या अलीकडं नातेवाईक, पलीकडं कैदी आणि बाजूला एक शिपाई. तो ऐकत नसल्यासारखा उभा राहतो आणि सगळं ऐकतो. बाबांनी ती ड्युटी लई केली होती. माझ्या पहिल्या तासाला त्यांनी स्वयंपाकघरातली लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली, माझ्या टेबलाच्या उजव्या बाजूला कॅमेऱ्याच्या जरा बाहेर ठेवली आणि हाताची घडी घालून बसले. पडद्यावर एकेक चौकोन उघडत गेला. प्रत्येक चौकोनात एक अनोळखी चेहरा, आवाज बंद, सगळे एका बाईच्या परवानगीची वाट बघत बसलेले. बाबांनी मान हलवली. ही जागा त्यांच्या ओळखीची होती.

ती बाई म्हणजे आमच्या शिक्षिका. चाळिशीच्या असाव्यात, गोल चष्मा, शेजारी चहाचा छोटा ग्लास. तिकडं शिक्षकाला 'होजाम' म्हणतात, बाई असो की बुवा. आम्हीही होजाम म्हणायला लागलो. आमची दुपार ती त्यांची सकाळ. त्या हसून सुरुवात करायच्या आणि मला वाटायचं, इतकं हसायला काय झालं.

वर्गात सोमालिया, इंडोनेशिया, उझबेकिस्तान, कुठून कुठून आलेली मुलं होती. आली कुठली, आपापल्या घरीच होती. तासानंतर फोनवरच्या ग्रुपवर सगळ्यांचं एकच रडगाणं. आवाज तुटतो, होजामचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो, चहा कसा मागवायचा ते पाठ झालं पण मागवायचा कुणाकडं. सोमालियातली एक मुलगी म्हणाली होती की ती आरशासमोर भाजी विकत घेते. दुकानदारही तीच. रडगाण्याखाली मात्र प्रत्येकाचा दुसऱ्यावर डोळा होता. उझबेक मुलाची भाषा तुर्कीच्या नात्यातली, तो नव्यानं शिकतोय हे आम्हाला पटत नव्हतं. कुणी उत्तर द्यायला जरा वेळ लावला की वाटायचं, बाजूला भाषांतर उघडलं असणार. एका वर्गात बसलेली मुलं एकमेकांच्या वह्यांत डोकावतात, भांडतात आणि मोकळी होतात. इथं डोकावायची सोय नव्हती, म्हणून संशय तसाच राहायचा.

बाबांचा संशय त्याहून खोल होता. दिवाळी झाल्यावर एकदा ते म्हणाले, "हे तुर्कीच शिकवायलेत कशावरून?"

मी हसले, आणि रात्रभर तेच डोक्यात घोळलं. खरंच, कशावरून. आख्ख्या शहरात मला तुर्की येणारं माणूस माहीत नव्हतं. वरून त्या भाषेतले कितीतरी शब्द आपलेच निघत होते. किताब, कलम, दुनिया, दुकान, हिसाब, साबण. छावणीच्या बाजारातलं बोलणं उचलून, जरा चाल लावून आम्हाला कुणी परत विकत असेल तर? बापाला बाबा म्हणतात असं होजामनी शिकवलं त्या दिवशी तर मला घामच फुटला. एवढं सोपं कुठं असतं का.

बाबांनी खात्री करायचं ठरवलं. एका रविवारी ते मला वेरूळला घेऊन गेले. लेणी बघायला नाही, तुर्क शोधायला. तिकीटखिडकीपाशी लिंबाच्या सावलीत आम्ही सकाळपासून बसलो. परदेशी माणूस दिसलं की बाबा मला कोपरानं ढोसायचे आणि मी जाऊन माझा पाठ केलेला नमस्कार म्हणायचे. कोरियाचे भेटले, श्रीलंकेचे भिक्खू भेटले, जर्मनीचं एक म्हातारं जोडपं भेटलं. त्यांनी माझा नमस्कार मराठीतला समजून आपापसात म्हणून बघितला. तुर्क एकही नाही. परतताना बसमध्ये बाबा म्हणाले की आज आला नाही म्हणजे येत नाही असं नसतं. खुर्ची जागेवरच राहिली.

मला त्या खुर्चीचा राग यायला लागला होता. पंचविशी ओलांडलेल्या मुलीच्या शेजारी बाप पहारा देत बसतो, हे मी वर्गात कुणालाही सांगितलं नव्हतं. उत्तर देताना माझे डोळे आपोआप उजवीकडं जायचे, कारण बाबा पाय हलवत असायचे आणि मी बोलायला लागले की थांबायचे.

संक्रांतीनंतर होजाम बदलल्या. म्हणजे माझ्याशीच. इतरांना पुस्तकातलं विचारायच्या आणि मला मधूनच भलतंच काही. हात टेबलावर ठेव म्हणायच्या. माझ्याकडं बघ म्हणायच्या. उझबेक मुलाला कधी म्हणाल्या नाहीत. माझं नाव घेताना त्यांचं ते हसू बंद झालं. मला वाटलं, झालं, आमचं घर दिसलं, छताचे पत्रे दिसले, आता किंमत कमी झाली. अपमान गिळायची आमच्या घराला सवय आहे, पण आवडीनं कुणी गिळत नाही. मी त्यांच्याशी नेमकं तेवढंच बोलायला लागले.

उन्हाळ्यात परीक्षेच्या सूचना आल्या. खोलीत एकटंच बसायचं. टेबल रिकामं. भिंतीवर लिहिलेलं काही नको. आधी लॅपटॉप फिरवून खोली दाखवायची. मी हे बाबांना वाचून दाखवलं आणि त्यांचा चेहरा उजळला. वर्षभरात पहिल्यांदा त्यांना त्या विद्यापीठाचं काही पटलं होतं.

"झडती म्हणायची की सरळ," ते म्हणाले.

झडतीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. परीक्षेच्या दिवशी सकाळीच त्यांनी कॅलेंडर काढलं. मग घड्याळ. बुद्धाची तसबीर पदर घेतलेल्या आईच्या हाती दिली. शोकेसमधले माझे कप, बाहुली, त्यांचं निरोप समारंभाचं मानचिन्ह, सगळं आतल्या खोलीत. पिवळा पडदा उतरवला, कारण पडद्यामागं माणूस उभा राहतो. शोकेस स्वतः ओढत नेली. शेवटी पकड घेऊन भिंतीतले खिळेही उपटले. आई म्हणाली, खिळ्यांनी काय केलंय. बाबा म्हणाले, झडतीत खिळा कधीच ठेवायचा नसतो. मग लाल खुर्ची उचलून ते अंगणात गेले आणि दारापाशी राखणीला बसले. जो माणूस माझ्या विरुद्ध बसायचा तो आज माझ्यासाठी बसला होता.

पडद्यावर होजाम होत्या आणि त्यांच्या शेजारी एक गंभीर गृहस्थ, मोठे परीक्षक. मी लॅपटॉप सावकाश फिरवला. चार भिंती, टेबलाखालची फरशी, कोपरा. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांचा आवाज बंद झाला आणि ते बराच वेळ नुसते ओठ हलवत राहिले.

मग गृहस्थांनी विचारलं, तू कुठं आहेस.

घरी, मी म्हटलं. होजाम म्हणाल्या की वर्षभर माझ्यामागं पिवळा पडदा होता, घड्याळ होतं, कप होते, आणि ही ती खोली नाही. गृहस्थ म्हणाले, कुठं कुठं लोक परीक्षेसाठी जागा घेतात, आत एक बोलतो आणि बाहेरून दुसरा सांगतो. नीट उलगडा झाला नाही तर परीक्षा इथंच थांबेल. एवढं सगळं मला लख्ख समजलं. उत्तराचा मात्र एक शब्द सापडेना. वर्षभराची भाषा अंगणाबाहेर पळून गेल्यासारखी झाली.

आणि मग होजामनी ते सांगितलं. म्हणाल्या, प्रत्येक तासाला तुझ्या उजवीकडं, खाली कोपऱ्यात एक पाय असायचा. काळी चप्पल, अंगठा. तू बोललीस की तो हलायचा थांबायचा. तुझे डोळे तिकडंच जायचे. तुला कुणीतरी उत्तरं पुरवतंय असं मला वाटत आलंय.

म्हणजे हात टेबलावर ते यासाठी. मी त्यांच्यावर संशय घेत होते आणि त्या माझ्यावर, आणि दोघींच्या मध्ये बाबा पाय हलवत बसलेले.

बोलायलाच हवं होतं. तुरुंगाला काय म्हणतात ते आम्हाला शिकवलंच नव्हतं. शिपायाला, झडतीला, खिळ्याला शब्द नव्हते. होते तेवढे जोडून मी सांगत गेले. एक मोठं घर आहे. वाईट माणसं आत बसतात. किल्ली बाबांकडं होती. बाबा रोज खोल्या बघायचे, काही लपवलंय का. आज त्यांनी माझी खोली बघितली. त्यांनी सगळं बाहेर नेलं, तुम्ही बघणार म्हणून. तो पाय बाबांचा. मी चुकत होते ते मला ऐकू येत होतं, पण थांबले असते तर संपलं असतं.

गृहस्थ म्हणाले, बाबांना बोलाव.

बाबा आत आले ते खुर्चीसकट. काय झालं ते मी दोन वाक्यांत सांगितलं. त्यांनी होजामना हात जोडले, लाल खुर्ची टेबलाच्या उजवीकडं तिच्या नेहमीच्या जागी ठेवली आणि बसले. ते कॅमेऱ्याबाहेर गेले. खाली कोपऱ्यात मात्र काळ्या चपलेतला अंगठा आला. होजामनी तोंडावर हात ठेवला.

वर्षभर तिथं का बसत होता, असं गृहस्थांनी त्यांना विचारायला सांगितलं.

"पोरगी कुणाच्या ताब्यात द्यायलोय, ते बघत व्हतो," बाबा म्हणाले.

मी ते जमेल तसं तुर्कीत केलं. बाबा मला तुम्हाला देतात, म्हणून आधी तुम्हाला बघितलं. गृहस्थांनी विचारलं, मग काय दिसलं? मी ते बाबांना सांगितलं.

"बाई येळंवर येत्यात. खोकला झालता तरी आल्या, खाडा केला नाय. पण हल्ली हसत नाय, ते का, तेवढं इचार."

तेही मी तुर्कीत सांगितलं. होजामनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. मग बाबांना बाहेर जायला सांगितलं आणि पुस्तकातले प्रश्न सुरू झाले. ते मला सोपे गेले.

पास झाल्याचं कळलं तेव्हा बाबा म्हणाले, "एवढ्यात?" आणि मला परत फोन करून विचारून घ्यायला लावलं. मलाही अजून नक्की सांगता येत नाही की मला भाषेनं पास केलं की त्या अंगठ्यानं. होजामना विचारायची हिंमत झालेली नाही.

आता मी तिकडं आहे. चहा मागवते, दुकानदार मला समजतो आणि वर दोन शब्द सुधारून देतो. तुर्कीच होती ती. आठवड्यातून एकदा घरी फोन लावते. पडद्यावर बाबा असतात, मागं पिवळा पडदा, घड्याळ, सगळं पुन्हा जागच्या जागी. बाबा तब्येत विचारत नाहीत. आधी म्हणतात, खोली दाखव. मी फोन फिरवते. भिंती, कपाट, टेबलाखालची फरशी.

पहिल्याच फोनला त्यांनी विचारलं, "खुर्ची एकच हाय?"

एकटीची खोली आहे बाबा, मी म्हटलं. ते म्हणाले, अजून एक घे, असू दे.

ज्या खुर्चीचा मी वर्षभर राग केला तिच्यासाठी मी इथल्या बाजारात दिवसभर हिंडले. लाल मिळाली नाही, पांढरी मिळाली. टेबलाच्या उजवीकडं, कॅमेऱ्यात येणार नाही अशी ठेवली. पुढच्या फोनला काही न बोलता तिच्यावरून फोन नेला. बाबांनी डोळे बारीक करून बघितलं.

"जरा मागं घे," ते म्हणाले. "तिथं पाय दिसंल."

मी उठले आणि खुर्ची जरा मागं घेतली.