फुलंब्रीचा बिनचेहऱ्याचा बुद्ध

छत्रपती संभाजीनगरला उतरलो तेव्हा टाळू भाजणारं ऊन. पण मला कुठला धीर! तशीच फुलंब्रीची एसटी धरली. तिथं एका पत्र्याच्या शेडमध्ये मिहाय नावाचा रोमानियन शिल्पकार राहतो आणि त्याच्या शिल्पांचे फोटो पाहून मी केव्हाचा खुळावलो होतो.

मिहायचा बाप कबरीवरचे लाकडी क्रूस कोरायचा. पोरगा त्याच्याच हाताखाली शिकला आणि प्रतीकवादी शिल्पकार म्हणून युरोपात नावाजला. झोप, विरह, मरण असल्या गोष्टींना तो माणसाचा देह देतो, चेहरा मात्र कधीच नाही. लेणी बघायला म्हणून आला आणि इथल्या काळ्या दगडापायी राहिलाच.

शेडमध्ये पाऊल टाकलं. समोर माझ्याएवढ्या उंचीचा बसलेला बुद्ध. नुसत्या खांद्यांत एवढी शांतता कशी मावते, देव जाणे! चेहऱ्याच्या जागी गुळगुळीत दगड. मी मुकाट्यानं चपला काढल्या.

बुद्ध गावच्या विहारासाठी घडवला होता. तो न्यायचा की नाही, हे ठरवायला वस्तीतल्या वडीलधाऱ्या कौसाबाई आल्या होत्या. त्यांनी आधी आम्हाला धपाटे (ज्वारीच्या पिठाच्या थापलेल्या तिखट पोळ्या) खाऊ घातले, मग सरळ सांगितलं, असला बुद्ध विहारात बसायचा नाय. मिहायनं मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं, की बिनचेहऱ्याचा बुद्ध सगळ्यांचा असतो. मीही शहाणपणा पाजळला, की जुन्या लेण्यांत तरी कुठं मूर्ती आहे, नुसता स्तूपच आहे. कौसाबाईंनी दोघांचंही ऐकून घेतलं.

"आमच्या म्हाताऱ्यांना देवळाची पायरी चढू देत नव्हते," त्या म्हणाल्या. "देवाचं तोंड न बगताच गेल्या बिचाऱ्या. आता आमचा बुद्ध तरी आमच्याकडं बगू द्या."

 मिहायनं हात पुढं केले. ते थरथरत होते.

"छिन्नी घसरली, तर सगळं जाईल."

"जाऊ द्या. मी बसते हितंच."

एका दिवसाचा पाहुणा मी, पण माझाही पाय निघेना. कौसाबाई रोज समोर मांडी घालून बसायच्या. तो एक टोला घालायचा, हात थांबेपर्यंत वाट बघायचा, मग दुसरा. हळूहळू ओठ आले, नाक आलं, सगळ्यात शेवटी अर्धवट मिटलेले डोळे. मिहाय बाजूला झाला. कौसाबाई उठून जवळ गेल्या, पदर सावरला.

"बगतोय," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

परतीच्या एसटीत मला खिडकीबाहेरचं काही दिसलं नाही. मिहायची बिनचेहऱ्याची शिल्पं थोर आहेत, हे मी आजही कुणाशीही भांडून सांगेन. पण ती आवडायला आधी चेहरे पोटभर बघायला मिळालेले असावे लागतात.