सरकारी कडीतले आलू

आधी माणिकबाईचा आवाज यायचा, मग माणिकबाई. धामणखेडच्या मळ्यात वांग्याच्या वाफ्यात उभी राहून ती नवऱ्याला हाक मारायची आणि नाल्यापलीकडचा गुराखी "ओ" द्यायचा. अंगानं धिप्पाड, चालणं असं की बांधावरचे बगळे उठून जावेत, आणि पंजा एवढा की त्यात कोबीचा गड्डा मावावा. पण त्याच पंजाचा एक गुण गावातल्या साऱ्या बायांना ठाऊक होता. बांगडीवाली आली की माणिकबाई अंगठा आत दुमडायची, बोटं केळफुलासारखी मिटवायची आणि कोवळ्या पोरीच्या मापाची बांगडी सर्रकन मनगटावर चढवायची. काच टिचायची नाही. मग ती सगळ्यांकडं बघायची.

"हात मोठा असून काय होते वं? कड्यातून निंगाला म्हणजे माप बराबर."

नवरा पुंजाराम तिच्या अगदी उलट. मोट हाकताना बैलांशी बोलायचा तेवढंच. दोघांनी मिळून विहिरीवरचा मळा असा ठेवला होता की मोर्शीच्या बाजारात धामणखेडची भाजी म्हटली की गिऱ्हाईक टोपली पुढं करायचं. कांदे, वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि हिवाळ्यात आलू. पुण्यामुंबईचे लोक बटाटा म्हणतात ते आलू. काळ्या भुसभुशीत मातीत माणिकबाई हात घालायची आणि एका झाडाखालून ओंजळभर काढायची, जशी काही कोंबडीखालची अंडी.

एकच पोरगी, जमुना. दिली होती मोर्शीच्या उत्तमरावांच्या घरी. उत्तमराव संत्र्याचे बागाईतदार. उंच पटका, पिळदार मिशी आणि बोलणं सगळं संत्र्यापासून सुरू होऊन संत्र्यापाशी संपणारं. त्या सुमारास सरकारनं फळं-भाजी मापानं निवडून पोत्यापेट्यांवर मोहर मारायचा नवा कायदा आणला होता. मोर्शीत उत्तमरावांच्या पेट्यांवर ती मोहर उमटली आणि तेव्हापासून त्यांच्या मिशीनं वर जायची नवीनच सवय लावून घेतली.

पौषात जमुनाला सातवा लागला. चोळी-बांगडी घेऊन माणिकबाई आणि पुंजाराम मोर्शीला गेले. बाया तिला न्हाऊ-माखू घालून ओटी भरत होत्या. जेवणं झाली. पान लावता लावता माणिकबाईनं विषय काढला.

"इवाई, मंग फागुनात पाठवता ना पोरीले? पयलं बाळंतपन मायेच्या घरी, रीतच हाय."

उत्तमरावांनी सुपारी गालात सारली. "इनबाई, रीत हाय, नाही कोन म्हन्ते? पन मोर्शीत दवाखाना हाय, दाई हाय. तुमच्या धामनखेडात काय हाय? आलू!"

ओसरीवरचे पाहुणे हसले. माणिकबाईच्या नाकपुड्या फुगल्या.

"आलूले नावं ठेवू नका बरं. तुमच्या संत्र्यानं पोट भरत असतं तं रस्सा आलूचा काहून केला आज?"

आता हसू फिरलं. उत्तमरावांना ते झोंबलं. "असं? मंग ऐका. माह्या पेटीवर सरकारी मोहर हाय. तुमच्या आलूच्या एका पोत्यावर तशी मोहर लागू द्या, म्या सोता गाडीचा धुरकरी होऊन सुनेले तुमच्या दारात पोचवून देतो. नाही लागली, तं बाळंतपन येथंच. बोला, चार मानसांसमोर."

"बोलली!" माणिकबाई म्हणाली. आत दाराआड जमुना उभी होती. तिनं आईकडं असं पाहिलं की माणिकबाईच्या हातातलं पान तसंच राहिलं. चेष्टेत पैज लागली होती, पण पोरीच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. तिला आपल्या घरी यायचं होतं.

माघात आलू निघाले. त्याच आठवड्यात शेतकी खात्याचा एक शिपाई सायकलवरून गावोगाव लोखंडी कड्या वाटत आला. सव्वादोन इंची कडी, वर सरकारी ठसा. माळ्यांच्या बाया भोवती जमल्या.

"ही आलूची कडी. एकेक आलू हिच्यातून घालून पाहा, निवडा, अन पोतं भरून अमरावतीच्या बाजारात आणा. तपासून मोहर मारतील." एवढं सांगून त्यानं सायकलवर टांग मारली. कोणते ठेवायचे नि कोणते काढायचे, हे सांगावं लागेल असं त्याच्या मनातही आलं नाही.

आणि माणिकबाईच्याही मनात विचारायचं आलं नाही. कडी हातात येताच तिनं ओळखलं. ही तर सव्वादोनची बांगडी! बांगडीचं शास्त्र काय तिला शिकवायला पाहिजे होतं? जे आतून निघालं ते मापाचं, जे अडकलं ते बेमाप. ती खळ्यात फतकल मारून बसली आणि लागली कामाला. सुटसुटीत, गुळगुळीत, सुपारीहून थोडे मोठे आलू कडीतून टपटप पडत, ते पोत्यात. अडकणारे थोराड आलू बाजूला. बाजूचा ढीग बघता बघता तिच्या खांद्याला लागला.

पुंजाराम पाणी प्यायला आला तो ढीग पाहून थबकला. ढिगातला एक आलू हातात घेऊन पाहिला. मग म्हणाला, "जमुनाची माय, मोठे काहून फेकून राहिली?"

"तुमी कदी बांगडी भरली काय?"

"नाही."

"मंग बैलं पाहा."

पुंजाराम हलेना. "पन सरकार बारके आलू घेऊन काय करन?"

"सायेब लोकाइचं तोंड केवढं असते? काट्यानं टोचून खातेत ते. त्या काट्याले असा धोंडा पेलन काय?" तिनं एक जंगी आलू त्याच्या नाकासमोर नाचवला. पुंजारामला साहेबांच्या काट्याची माहिती नव्हती. तो बैलांकडं गेला.

नाकारलेल्या मालाचं काय करावं, याचीही तिला मोठी फर्मास युक्ती सुचली. गावची भाजीची गाडी मोर्शीला निघाली होती, तीत तिनं ते मोठे आलू दोन पोती भरून टाकले आणि गाडीवानाला निरोप पढवला, "इवायाले सांगजो, सरकारच्या मापात बसला नाही तो माल हाय. तुमच्या संत्रातोड्या गड्याइले रस्सा करून घाला. मापाचा माल मोहरेले चालला."

आपली बारक्या आलूंची पोती घेऊन नवराबायको अमरावतीला पोचले. बाजारात एका चिंचेखाली टेबल, त्यामागं वामनराव. अकोल्याच्या जठारपेठेतला माणूस, घरात वकिली आणि भिक्षुकी, हा मात्र शेतकी शिकून सरकारात लागलेला. चष्मा, कोट, आणि कोटाच्या खिशात बायकोनं दिलेल्या भाजलेल्या शेंगा. त्यांनी पोत्यातून मूठभर आलू घेतले आणि कडीतून घातले. पडला. दुसरा घातला. पडला. पुरचुंडीतून सांडावेत तसे सगळे खाली.

माणिकबाईनं पुंजारामला कोपर मारलं. "पाहा! एकबी अडकला नाही."

वामनरावांनी मान वर केली. "बाई, हे तर सगळेच गेले."

"मंग! येकेक निवडला हाय, सायेब. मारा मोहर."

"अहो, गेलेले चालत नाहीत. अडकतात ते घ्यायचे. ह्याहून मोठा पाहिजे."

"अडकते ते?" माणिकबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सायेब, तुमचं लगन झालं काय?"

"झालं."

"बायकोले बांगडी भरता तवा अडकते ते घेता, का निंगते ते?"

वामनरावांनी एकदा कडीकडं पाहिलं, एकदा तिच्या हातभर बांगड्यांकडं, आणि त्यांच्या तोंडातली शेंग घशात गेली. ते खोकले, हसले, पुन्हा खोकले. चष्मा काढून डोळे पुसले. भोवतीचे माळी तर पोत्यांवर लोळायला लागले. माणिकबाईलाही हसू आवरेना. तीही मांडीवर थापा मारत हसली आणि हसता हसताच तिच्या ध्यानात आलं की जमुना आता मोर्शीलाच राहणार. तिनं पदर तोंडाला लावला. हसू थांबलं होतं, खांदे मात्र हलतच होते.

वामनरावांचं हसूही विरलं. "मावशी, अहो, रडता काय? बियाण्याला असा माल नाही मिळणार. हे बघा, आत्ताच उचलतील लोक."

"बियानं राहू द्या, सायेब. माही पोरगी अडकली," म्हणून तिनं सगळी पैज सांगितली.

वामनरावांनी टेबलावर बोटं वाजवली. "मोठे आलू आहेत कुठं?"

"इवायाच्या घरी."

"कोणाच्या?"

"ज्याच्यासंगं पैज लागली त्याच्याच घरी. म्याच पाठवले. टोमना मारून."

अमरावतीत आल्यापासून पुंजाराम पहिल्यांदाच बोलला, "मोर्शीले."

वामनराव पुन्हा हसू लागले. "उत्तमराव बागाईतदार? अहो, शुक्रवारी मी त्यांच्याच वाड्यात संत्र्यावर मोहर मारायला चाललोय. शिक्का काय, संत्र्यालाही तोच माणूस मारतो नि आलूलाही. पोतं भरलेलं पाहिजे मात्र. अर्ध्या पोत्याला मोहर लागत नाही."

शुक्रवारी उत्तमरावांच्या आवारात संत्र्यांचे ढीग सोन्यासारखे लखलखत होते आणि एका कोपऱ्यात तीन दगडांच्या चुलीवर मोठ्या गंजात रस्सा रटरटत होता. माणिकबाईनं वास घेतला आणि गंजात डोकावली. आलूच होते ते.

"या, इनबाई!" उत्तमराव खुशीत होते. "तुमचा नाकारलेला माल पाहून गडी म्हनतेत, असे आलू नाकारते तं सरकार गोटे खाते काय? एक पोतं संपलं. दुसऱ्यालेबी हात लागला."

"बाप्पा!" माणिकबाई कोठीकडं धावली. दुसरं पोतं अंगाला सुरकुत्या पाडून उभं होतं, वरून बरंच रितं.

वामनरावांनी सगळी हकिकत सांगितली तेव्हा उत्तमराव आधी पोट धरून हसले आणि मग त्यांना कळलं की आपल्याच घरात आपला पण मोडायचा घाट आहे. मिशी खाली आली. "म्या सोता मोजतो," म्हणून ते पोत्यापाशी बसले. एकेक आलू कडीत घालायचे, हलवायचे, उलटा करायचे, अंगठ्यानं दाबायचे. आलू हूं की चूं करेना. एक जरा पडायला झाला तसे ते आशेनं वाकले, पण तोही कमरेपाशी अडकला.

"सायेब, अडकले सारेच," ते नाइलाजानं म्हणाले. मग चेहरा उजळला. "पन पोतं भरलं नाही! वीतभर कमी हाय."

खरंच कमी होतं. माणिकबाईनं रश्श्याच्या गंजाकडं अशी नजर टाकली की आचारी डाव घेऊन मागं सरला.

तेवढ्यात सैपाकघरातून जमुना आली. सातव्यातली चाल आता नवव्याकडं झुकलेली, ओचा दोन्ही हातांनी धरलेला. पोत्यापाशी येऊन तिनं ओचा सोडला. गडगडत आलू पोत्यात. एकेक जंगी, वाळू चिकटलेला.

"हे कुठले वं?" सासरे ओरडले.

"माठाखालच्या रेतीत दडवून ठेवले होते, मामाजी. आईच्या मळ्यातले. मले भाजून खाची इच्छा होते ना... रोज एक." तिनं मान खाली घातली. "आज नाही खाल्ला."

पोतं तोंडोतोंड भरलं.

"घरातली सूनच फितूर!" उत्तमराव कपाळावर हात मारून म्हणाले, पण त्यांचं ओठ दाबणं साऱ्यांना दिसलं. तरी शेवटचा डाव टाकलाच. "सायेब, माल माह्या कोठीतला हाय. म्हंजे मोहर माही. इनबाईची कशी?"

माणिकबाई उठली, पोरीच्या पाठीवर हात ठेवला. "पोरगीबी तुमच्याच घरातली हाय, इवाई. जल्मली कुठी?"

वामनरावांनी शिक्का शाईत बुडवला आणि पोत्यावर असा ठोकला की गोठ्यातली गाभण गाय दचकली.

उत्तमराव शब्दाचे पक्के. दुसऱ्या दिवशी सकाळीच स्वतः गाडी जुंपली, खाली कडबा, वर गादी, गादीवर सून. धुरेवर बसून बैल हाकत धामणखेडपर्यंत प्रत्येक वाटसरूला थांबवून सांगत गेले, "हारलो म्हनून चाललो बरं! हौसेनं नाही!" वाटेत दोनदा मात्र गाडी थांबवून सुनेला धक्के तर बसत नाहीत ना, विचारून घेतलं. मोर्शीची दाईही मागच्या गाडीत होती. तेवढं पणात नव्हतं, तरी माणिकबाईनं तक्रार केली नाही.

दाराशी माणिकबाईनं पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि हाताला धरून तिला घरात घेतलं.

उत्तमराव एका रात्रीसाठी आले होते. मग म्हणाले, बैल थकले. मग म्हणाले, बाजार झाल्यावर जातो. पुंजारामबरोबर मोटेवर जाऊ लागले, वाफ्यांना पाणी फिरवू लागले. वांग्याला किती पाणी द्यायचं, यावरून त्यांचा आणि माणिकबाईचा रोज बांधावर कडाका उडायचा आणि नाल्यापलीकडचा गुराखी मध्येच "ओ" द्यायचा.

एका टळटळीत दुपारी खोलीतून कोवळा टाहो ऐकू आला. उत्तमराव ओसरीवर येरझाऱ्या घालत होते, ते जागच्या जागी खिळले. दार उघडून माणिकबाई बाहेर आली, घामानं चिंब, केस विस्कटलेले.

"इवाई, नात झाली. पोर-माय दोघी खुशाल हायेत. आता तेथं मिशीले पीळ देऊन राहू नका. पटका काढा, अन चुलीपाशी बसा. दाईले कढत पानी पाहिजे."

उत्तमरावांनी पटका खुंटीला टांगला, फुंकणी उचलली आणि चुलीत फुंकर घातली. ओल्या तुराट्यांचा धूर डोळ्यांत गेला, मिशीवर राख बसली. ते खोकत होते, फुंकत होते आणि हसत होते.