नाथाजी आणि गयानातलं लाल पाखरू

कडेगावचा नाथाजी चोवीस वर्षं फौजेत काढून हवालदार होऊन परतला, पण उसाच्या सरीत काही त्याचा जीव रमेना. मग एका एजंटानं त्याला थेट दक्षिण अमेरिकेत, गयानाच्या जंगलात, लाकूडतोडीच्या तळावर राखणीला पाठवलं.

तिथं ओढ्याकाठच्या एका फुललेल्या झाडावर एक हमिंगबर्ड यायचा. लालभडक अंग, गळा सोनेरी, शेपटीतली दोन लांब पिसं कात्रीसारखी एकमेकांवरून गेलेली. एवढंसं पाखरू, पण दुसऱ्या नराला त्या झाडाकडं फिरकू देत नसे. तळावर स्वयंपाक करणारी माया म्हणायची, "चोचीनं भोसकतात एकमेकांना. मरेस्तोवर."

एका सकाळी नाथाजीच्या डोळ्यांदेखत दोन नर भिडले. हवेतच गरगरले, चोची खुपसल्या आणि त्यातला एक चिखलात येऊन पडला. नाथाजी त्याला उचलायला वाकला, तोच डोक्यावरून कोयता गेला आणि झाडाच्या खोडात रुतला. डिझेल चोरायला आलेला एक माणूस पाठीमागं उभा होता.

पुढचं सगळं फौजेतल्या हातांनी केलं. नाथाजीनं त्याचं मनगट पिरगाळलं, हाड मोडल्याचा आवाज आला. कोपरानं दात पाडले. माणूस आडवा झाला, हात जोडू लागला, तरी नाथाजीची काठी थांबेना. मायानं कमरेला मिठी घालून त्याला मागं ओढलं, तेव्हा कुठं त्याला दिसलं, की त्या माणसाचा एक डोळा फुटला होता.

आधी वार त्या माणसानंच केला होता म्हणून पोलिसांनी नाथाजीला सोडलं, पण कंपनीनं घरी पाठवलं. बातमी त्याच्या आधीच कडेगावात पोचली होती. पोरांनी चावडीवर सत्कार ठरवला, फेटा आणला.

"आवं नाना, कसा लोळवला त्याला, सांगा की!" पुतण्या विश्वजित म्हणाला.

"लोळवला तवर ठीक हाय," नाथाजी म्हणाला. "पडल्यावर बी मारलं मी त्याला. हात जोडत हुता त्यो. फेटा नगं मला."

पोरांनी फेटा परत गुंडाळला. घरी बायकोनं, संयोगितानं, पाण्याचा तांब्या पुढं केला आणि एवढंच विचारलं, "त्याच्या घरी कोण हाय?"

"दोन पोरी. माया म्हनत हुती."

तिनं फोन त्याच्या हातात दिला. त्यानं मायाचा नंबर लावला. त्या माणसाला दुसऱ्या डोळ्यानं दिसतंय, असं माया म्हणाली. नाथाजीनं फोन खाली ठेवला आणि तो हमसून हमसून रडला. संयोगिता बराच वेळ त्याच्याशेजारी बसून राहिली.