बाबांच्या गाडीचा पुढचा ब्रेक

माझा नवरा मोंढ्यात, म्हणजे हळदीच्या घाऊक बाजारात, मुनीम आहे. लग्न झालं तेव्हा त्याला सायकलची उतरलेली चेनसुद्धा बसवता येत नव्हती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. हा माणूस एक दिवस माझ्या बाबांच्या अंगणात मोटारसायकलचं चाक खोलून बसेल आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून ते बघत जळत राहीन, असं कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

बाबा कळमनुरीला राहतात, आम्ही हिंगोलीत. बाबा जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. साखरा गावाच्या बाजूची खेडी त्यांनी ज्या गाडीवर पालथी घातली, ती जुनी टू-स्ट्रोक गाडी अजून त्यांच्याकडे आहे. किक मारली की आधी खोकते, मग निळा धूर सोडते आणि मग कुठं चालू होते. मी त्यांची एकुलती एक. लहानपणी गाडीच्या टाकीवर बसून मी त्यांच्याबरोबर फिरायची. घरी गाडी खोलली की पाना-पकड हातात देणारी मीच. मग एक दिवस बाबा म्हणाले, "आता मोठी झालीस माय, आईला मदत कर." तेव्हापासून त्या गाडीला मी कधी हात लावला नाही. नोकरी लागल्यावर स्कूटी घेतली, ती चालवायला मैत्रिणीनं शिकवलं.

मागच्या उन्हाळ्यात बाबांचा उजवा गुडघा पार गेला. त्या गाडीचा सगळा भरवसा मागच्या ब्रेकवर, आणि तो दाबायचा उजव्या पायानं. पुढचा ब्रेक नावालाच, चाकाच्या मधला त्याचा ड्रम एवढासा. एकदा पुढं चाललेली ट्रॅक्टरची ट्रॉली अचानक थांबली, बाबांनी पाय दाबला, पण गुडघ्यात जोरच नव्हता. गाडी ट्रॉलीवर आदळली. हेडलाईट फुटला, बाबांना खरचटलं, बस एवढंच. पण आईनं रडत फोन केला आणि आम्ही दोघं गेलो.

मी म्हटलं, "बाबा, विकून टाका ती गाडी. माझ्यासारखी स्कूटी घ्या."

बाबा भिंतीकडं बघत बसले.

माझा नवरा गाडीपाशी उकिडवा बसून चाकाकडं बघत होता. तो म्हणाला, "मामा, पुढचाच ब्रेक मोठा बसवला तर? हातानं दाबायचा. पायाला तकलीफच न्हाई."

बाबांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. शाळेत माझा पहिला नंबर आला की ते माझ्याकडं असंच बघायचे.

तिथून सुरू झालं. आधी रोज संध्याकाळी बाबांचा मला फोन यायचा. काय जेवलीस, ऑफिसात काय झालं, असं काहीतरी किरकोळ. आता फोन यायचा आणि "बरी हायस ना?" विचारून झालं की लगेच, "जावाईबापू आले का? दे बरं त्यांना." मग नवरा गच्चीवर जाऊन बोलत बसायचा. मी कणीक मळता मळता कान देऊन ऐकायची. ड्रम, हब, लायनर, कॅम. माझ्या बापाशी माझा नवरा असल्या भाषेत बोलत होता, जी एके काळी मला येत होती.

नांदेडच्या एका भंगारवाल्याकडं त्यांना दुसऱ्या एका जुन्या गाडीचा ड्रम सापडला. मोठा, आत दोन कॅमचा, आधीच्यापेक्षा कितीतरी घट्ट धरणारा. तो आणायला दोघं एसटीनं गेले. मला विचारलंसुद्धा नाही. परत आले ते एका बाकावरच्या मित्रांसारखे हसत. नवऱ्यानं तो काळा, मळकट गोळा आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "बघ, कसला भारी हाय!"

मी म्हटलं, "तो आधी खाली ठेवा. तिथं भाकरी थापायची असते."

मग दर रविवारी कळमनुरी. नवा ड्रम मोठा म्हणून चाकाच्या तारा आखूड पाहिजेत, तर चाक नव्यानं बांधून आणलं. एक्सल सैल बसतो म्हणून लेथवर बुश, म्हणजे मधली कडी, करून घेतलं. ब्रेक दाबल्यावर ड्रमची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला धरून ठेवणारी एक लोखंडी पट्टी लागते. ती पुढच्या फोर्कला जोडून घ्यायला दोघं वेल्डिंगवाल्याकडं जाऊन आले. मी आईबरोबर स्वयंपाक करायची. शेजारची काकू ओट्यावरून म्हणायची, "जावाई कसला, पोरगाच निघाला बाई तुमाला." आई हसायची. मी इतक्या जोरात कांदा कापायची की आई म्हणायची, "बोट कापशील."

एका रविवारी मी चहा घेऊन बाहेर आले. गाडीला पुढून विटांचा टेकू दिलेला, चाक काढलेलं. बाबा पोत्यावर बसलेले. नवरा लायनरला, ड्रमला घासून चाक धरणाऱ्या पट्टीला, कानस मारत होता, लायनर ड्रममध्ये बराबर बसावा म्हणून. बाबा खेकसले, "अरे, काय करून राहिला तू! एकाच जागी घासतेत का? डोकं हाय का खोकं?" आणि त्यांनी त्याचं मनगट धरून कानस कशी फिरवायची ते दाखवलं.

मी तिथंच उभी राहिले. जावाईबापूचं 'अरे' कधी झालं? 'तुमी'चं 'तू' कधी झालं? आणि मला बाबा आयुष्यात कधी असे ओरडले नव्हते. माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं तरी "असू दे माय". कुणी माझ्या नवऱ्याला शिव्या देतंय आणि मला त्या शिव्यांचा हेवा वाटतोय, हे माझं मलाच विचित्र वाटलं. पण वाटत होता.

मी म्हटलं, "बाबा, मलाबी दाखवा की."

बाबा हसले. "साडी खराब व्हईल माय तुझी."

मी साडी नेसलेच नव्हते. ड्रेस घातला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नव्हतं.

ब्रेक बसवून झाला त्या दिवशी दोघांनी हात न धुताच चाक फिरवून बघितलं. नवऱ्यानं लिव्हर दाबलं. लिव्हर पार हँडलला टेकलं आणि चाक आपलं आरामात फिरत राहिलं. पुन्हा दाबलं. तेच. नवऱ्याचा चेहरा पडला. मोंढ्यातल्या हळदीनं पिवळी झालेली त्याची बोटं आता ग्रीसनं काळी झाली होती, आणि त्या बोटांकडं तो बघत बसला. खरं सांगते, मला आनंद झाला. मी आत जाऊन आईला म्हटलं, "धरत न्हाई म्हणे." आई म्हणाली, "तुला काहून एवढं हसू येऊन राहिलं?"

गडबड अशी होती. आत दोन लायनर आणि त्यांना ड्रमकडं ढकलणारे दोन कॅम. दोन्ही एकाच वेळी ड्रमला टेकले तर ब्रेक धरणार. एक आधी टेकला आणि दुसरा मागं राहिला तर नाही. दोन्ही कॅमना जोडणारी बाहेर एक दांडी असते, ती लांब-आखूड करून हे जमवायचं. त्यासाठी एकानं चाक फिरवायचं, एकानं दांडीचा नट फिरवायचा आणि एकानं लिव्हर अगदी हलकं दाबून धरायचं. माणसं दोनच. त्यांनी लिव्हरला सुतळी बांधून बघितलं. सुतळी ताणायची, नाहीतर सुटायची.

शेवटी बाबांनी हाक मारली. "ये गं जरा. एवढं धर."

मी ओढणी कमरेला खोचली आणि लिव्हर धरलं.

"हळू. आणखी हळू. हां, तिथंच."

बाबांनी चाक फिरवलं. माझ्या बोटांना लिव्हरमधून काहीतरी बारीक खरखर लागली. मी म्हटलं, "एक टेकला."

"आन् दुसरा?"

"न्हाई."

नवऱ्यानं नट फिरवला. पुन्हा चाक. पुन्हा नट. ऊन पायापर्यंत आलं, मी हात हलवला नाही. मग एकदा बोटांखालची खरखर एकदम भरून आली आणि चाक जागीच थांबलं. बाबांनी दोन्ही हातांनी जोर लावला, तरी हलेना.

"धरला!" नवरा ओरडला, आणि बाबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. माझ्या हातात लिव्हर तसंच होतं.

बाबांनी टोपी घातली, किक मारली. नवरा मागं बसला. दोघं नांदेड रोडकडं गेले. धूर अंगणात राहिला आणि मी फाटकाशी उभी. ग्रीसचे हात कुठं पुसावेत तेही मला सुचेना.

आई माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "मला म्हाईत हाय तुला काय व्हऊन राहिलं."

"काय?"

"मी बी अशीच उभी राहायची. तू ह्यांच्यासंगं भुर्र जायचीस, मागं वळून बघायची न्हाई. आन् मी इथंच. एकदा तर तुला ताप आला तं मला बरं वाटलं, म्हणलं आज घरी ऱ्हाईल." ती हे अगदी साधेपणानं म्हणाली, डाळीत मीठ जास्त झालं म्हणावं तसं. आणि आत जाऊन तिनं मला हात धुवायला रॉकेल आणून दिलं.

मी हात धुतले.

ते दोघं परत आले तेव्हा बाबा पोरासारखे खूश होते. "म्हैस आडवी आली बघ. दोन बोटं दाबली, गाडी जागच्या जागी! बापूनं काम केलं बुवा."

"लिव्हर कोणी धरलं होतं?" मी विचारलं.

"व्हय व्हय. तू बी होतीस की."

त्या 'बी'नं माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन हँडल धरलं. "मला चालवायचीय. मागं न्हाई बसायचं. मी चालवणार."

नवरा म्हणाला, "अगं, गियरची हाय ती."

"तुमाला कोणी विचारलं?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं. या वेळी नीट बघितलं, ड्रेस, खोचलेली ओढणी, सगळं. मग म्हणाले, "चल."

बाजाराचं मैदान त्या दिवशी मोकळं होतं. बाबा कडेला उभे राहिले, मी गाडीवर. पहिल्यांदा बंद पडली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा ती उडी मारून निघाली आणि मी मैदानाला गोल फेरी मारली. हाताखाली ती गाडी थरथरत होती, मला तिचा वास येत होता, पेट्रोलचा आणि जळक्या ऑईलचा. बाबा लांबून ओरडले, "थांब आता!"

मी ब्रेक दाबला. दोन बोटांनी नाही, सगळ्या मुठीनं. खाली खडी होती. पुढचं चाक घसरलं आणि मी गाडीसकट आडवी झाले.

फार वेग नव्हता. कोपर सोललं, लिव्हर वाकलं. बाबा गुडघा विसरून लंगडत पळत आले आणि तिथूनच ओरडायला लागले. "अगं, डोस्कं हाय का न्हाई तुला? खडीवर पुढचा ब्रेक असा दाबतेत का? एवढा मोठा ड्रम काहून बसवला मंग, जीव द्यायला? ऊठ! ऊठ, पुन्हा बस!"

मैदानाच्या कडेला शेळ्या चारणारी बाई थांबून बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कोपराचं नव्हतं. मी उठले आणि पुन्हा बसले. बाबांनी माझं मनगट धरलं आणि बोटं लिव्हरवर कशी ठेवायची ते दाखवलं, चिडून, दात खात.

घरी आल्यावर वाकलेलं लिव्हर बाबा आणि नवऱ्यानंच सरळ केलं. तेव्हा मी पुन्हा तशीच जळले. म्हणजे ते काही गेलेलं नाही. आताही रविवारी आम्ही दोघं जातो, मी एक फेरी मारते, नवरा एक. पाना कुणाच्या हातात यावरून आमची तिथंच धुसफूस होते आणि बाबांना ती आवडते, असा मला संशय आहे.

मागच्या रविवारी मी भाजी फोडणीला टाकत होते आणि बाहेरून बाबांचा आवाज आला, "बापू, आज कार्बोरेटर खोलून बघू का रे?"

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले.